लेकीसाठी अडून बसलेली आई

गेल्या भाद्रपदातील गोष्ट. अनुराधा नक्षत्रावर गौरी आल्या, ज्येष्ठेवर जेवल्या आणि मूळ नक्षत्रावर त्यांची निघण्याची वेळ झाली. आमच्या घराण्याने बडोद्यास चार पिढ्या काढल्या. बोलण्यात गुजराती शब्द शिरले, वरणात गूळ थोडा अधिक पडू लागला; पण गौरीचा कुळाचार तसूभरही हललेला नाही. आमची थोरली लेक नागपूरला दिली आहे. तिच्या सासरीही गौरी उभ्या असतात. त्यामुळे ज्या दिवसांत देवी माहेरी येते, नेमक्या त्याच दिवसांत आमच्या लेकीला माहेरी येता येत नाही. दहीभाताची शिदोरी गौरीपुढे ठेवताना आमच्या सौ. एवढेच म्हणाल्या, "हिला तरी तीन दिवस मिळतात."

त्या वाक्याने आम्हांस एका परदेशी देवतेची आठवण झाली. तिचे नाव डीमीटर. प्राचीन ग्रीकांची ही धान्याची देवता. झ्यूस, अपोलो, अथीना ही नावे आपल्याकडील सुशिक्षितांच्या कानांवरून गेलेली असतात. डीमीटर मात्र मागे राहते. तिच्या हाती वज्र नाही, तिने राक्षस मारले नाहीत, कोणत्याही युद्धात तिचा पराक्रम गाइलेला नाही. तिची एकच कथा मोठी आहे आणि ती हरवलेल्या लेकीची आहे. त्या कथेत या बाईने देवांच्या राजाला अडवून लेकीसाठी वर्षातले आठ महिने मिळविले.

आमचे गुरुजन झ्यूस म्हणजे आपला द्यौः, असे मोठ्या अभिमानाने शिकवीत, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने ते खरेही आहे. डीमीटरच्या नावातील 'मीटर' म्हणजेही आपली माता. आधीच्या अक्षराविषयी पंडितांचे एकमत नाही. परंतु असे एखादे नाते सापडले की आपण सगळेच दैवतमंडळ आपल्या घरचे म्हणू लागतो. तसा मोह येथे आम्हांस नाही. गौर आणि डीमीटर यांचा एकमेकींशी ऐतिहासिक संबंध नाही. दोन्हीकडे आया होत्या आणि लेकी होत्या, एवढेच.

ही कथा ज्या काव्यात विस्ताराने आली आहे ते डीमीटरचे स्तोत्र इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकांतील मानतात. होमरच्या नावावर मोडत असले तरी ते होमरचे नाही. जवळजवळ पाचशे ओळींचे हे काव्य कित्येक शतके विद्वानांच्या दृष्टीआड होते. १७७७ मध्ये मात्थाय नावाच्या जर्मन पंडिताला मॉस्कोत त्याची एकच हस्तलिखित प्रत मिळाली. ती एका तबेल्यात, कोंबड्या-डुकरांच्या सहवासात पडून होती असे सांगतात. डुक्कर हा डीमीटरला वाहिलेला प्राणी, तेव्हा पोथी योग्य राखणदारांकडे होती म्हणावयाचे! पुढे १७८० मध्ये हॉलंडमधील लायडेन येथे ते काव्य छापले गेले.

आता कथा. डीमीटरची कन्या पर्सेफोनी सख्यांबरोबर कुरणात फुले वेचीत होती. गुलाब होते, केशराची फुले होती, जांभळ्या रंगाची आणखी किती तरी होती. तेवढ्यात एक नवलाचे फूल तिच्या दृष्टीस पडले. एका मुळातून शंभर तुरे फुटलेले नर्गिसाचे फूल! त्याच्या सुगंधाने आकाश, धरणी आणि समुद्र हसू लागले असे कवी म्हणतो. ते फूल म्हणजे सापळा होता. तिने दोन्ही हात पुढे केले मात्र, धरणी दुभंगली आणि पाताळाचा राजा हेडीज सोन्याच्या रथातून वर आला. त्याने तिला उचलून रथात घातले. तिने बापाच्या नावाने हाक फोडली. परंतु हे सारे बापाच्या संमतीनेच चालले होते. हेडीज हा झ्यूसचा सख्खा भाऊ. झ्यूसने आपली मुलगी त्याला परस्पर देऊन टाकली होती. आईच्या कानावर काहीही घातले नव्हते.

आमच्या सरकारी शाळेत एकदा आठवीचे शिक्षक रजेवर असताना तो तास आमच्याकडे आला. वेळ घालवावयाचा म्हणून आम्ही ही कथा सांगावयास घेतली आणि येथवर आलो, तोच मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. एरवी हजेरीलासुद्धा जिचा आवाज ऐकू येत नसे, तिने विचारले, "साहेब, एने कोईए पूछ्युं'तुं?" तिला कुणी विचारले होते का? आम्ही सांगितले, की नाही, कुणीच विचारले नव्हते. आईलाही नाही आणि तिलाही नाही. मुलगी खाली बसली. पुढची कथा वर्गाने जितक्या शांतपणे ऐकली तितक्या शांतपणे आमचे व्याकरणाचे तास कधी ऐकले गेले नाहीत.

लेकीची हाक आईने ऐकली, पण हाक कोठून आली ते तिला कळेना. डोक्यावरील वस्त्र फाडून, काळी ओढणी घेऊन, हाती पेटत्या मशाली धरून ती नऊ दिवस पृथ्वीवर भटकली. अन्न नाही, अमृत नाही, स्नान नाही. कोणी देव खरे सांगेना, मनुष्य सांगेना, पक्षीही शकुन देईना. दहाव्या दिवशी हेकाटी नावाची देवी भेटली. तिने गुहेतून आक्रोश ऐकला होता, पण पाहिले काही नव्हते. मग दोघी सूर्याकडे गेल्या. सूर्य सर्व पाहतो, त्याने सांगून टाकले. आणि वर समजूत घातली, की बाई, आता रडणे पुरे कर. जावई काही वाईट नाही, तुझ्याच कुळातला आहे, जगाच्या तिसऱ्या हिश्शाचा धनी आहे. सूर्याचे हे भाषण वाचताना आम्हांस लग्नघरांतील कित्येक वडीलधारी मंडळी आठवली. स्थळ चांगले आहे, यापुढे त्यांचा विचार जात नाही.

डीमीटर देवलोक सोडून निघाली. म्हातारीचे रूप घेऊन ती अथेन्सच्या पश्चिमेस, समुद्रकाठी असलेल्या एल्यूसिस गावी आली आणि विहिरीपाशी ऑलिव्हच्या सावलीत बसून राहिली. गावचा प्रमुख केलिऑस याच्या चार मुली घागरी घेऊन पाण्याला आल्या. आजीबाई, गावाबाहेर का बसलात, घरात या, म्हणाल्या. म्हातारीने आपली खोटीच कहाणी सांगितली, की चाच्यांनी क्रीट बेटावरून पळवून आणले, त्यांच्या तावडीतून निसटून आले. आता कोणाचे मूल सांभाळीन, घरकाम करीन. मुली धावत घरी गेल्या आणि आईला विचारून पुन्हा धावत आल्या. त्यांच्या आईला, मेटानिराला, उतारवयात नवसाचा मुलगा झाला होता.

या घरातील प्रसंग कवीने फार जिव्हाळ्याने रंगविला आहे. पाहुणी उंची आसनावर बसेना. इयांबी नावाच्या दासीने साधी चौरंगी आणून तिच्यावर मेंढीचे कातडे अंथरले तेव्हा बसली. ओढणी तोंडावर ओढून, न बोलता, न खाता ती बसून राहिली. शेवटी त्या इयांबीने काही चेष्टामस्करी केली आणि देवी किंचित हसली. कोणता विनोद केला ते कवी सांगत नाही. बायकांच्या बैठकीतला असावा. ग्रीक काव्यातील इयांबिक वृत्ताचे नाव प्राचीन लोक याच दासीशी जोडीत. मद्याचा पेला पुढे केला तो तिने नाकारला. सातूचे पीठ पाण्यात कालवून त्यात पुदिन्याच्या जातीची वनस्पती घालून द्या, म्हणाली. दुःखातल्या बाईने इतक्या दिवसांनी घेतलेला तो पहिला घोट, आणि पुढे हजार वर्षे तिचे भक्त उपवास सोडताना तेच पेय घेत राहिले.

डेमोफोन नावाचे ते मूल तिच्या हाती वाढू लागले. दिवसा ती त्याच्या अंगाला अमृत चोळी, रात्री आईबापांच्या नकळत विस्तवात ठेवी. त्याचा मर्त्य अंश जाळून त्याला अमर करावे हा हेतू. स्वतःची लेक मृत्यूच्या राजाने नेली. निदान हे परके मूल त्याच्या हाती लागू नये असे तिला वाटले असेल काय? कवी बोलत नाही, पण प्रसंगांची मांडणी बोलते. एका रात्री मेटानिराने ते पाहिले आणि किंकाळी फोडली. देवीने मूल विस्तवातून काढून जमिनीवर ठेवले, आपले खरे रूप प्रकट केले आणि 'माणसांनो, तुम्हांला चांगले आणि वाईट आधी ओळखता येत नाही' अशा अर्थाचे बोलून ती निघून गेली. मात्र जाताना, माझ्यासाठी येथे मंदिर बांधा, अशी आज्ञा करून गेली. येथे आम्ही मेटानिराच्या बाजूचे आहोत. आपले मूल विस्तवात पाहून कोणती आई शांत राहील? डीमीटर दुसऱ्या आईवर रागावली हा तिचा अन्याय झाला. आणि स्वतःचे दुःख जळत असताना माणूस असा अन्याय करतो.

गावकऱ्यांनी मंदिर बांधले. त्यात जाऊन ती बसली आणि तिने आपले काम थांबविले. शाप उच्चारला नाही, शस्त्र उगारले नाही. बैल नांगर ओढीत राहिले, पांढरे सातू मातीत पडत राहिले. एक कोंब वर आला नाही. वर्षभर असे चालले. माणसे उपाशी मरू लागली, आणि माणसे मेली तर देवांना नैवेद्य कोण दाखविणार, ही चिंता झ्यूसला पडली. त्याने आयरिस ही दूती पाठविली, मग एकेक करून सगळे देव पाठविले, देणग्या देऊ केल्या. तिचे उत्तर एकच, की माझ्या लेकीला डोळ्यांनी पाहीन तेव्हाच धान्य उगवेल. शेवटी हर्मीझ हा दूत पाताळात गेला.

हेडीज हसला आणि तयार झाला. मात्र निघण्यापूर्वी त्याने डाळिंबाचा एक दाणा पर्सेफोनीला खाऊ घातला. पाताळातले अन्न ज्याने चाखले त्याला तेथे परतावेच लागते. कवी स्वतः सांगतो, की त्याने तो दाणा गुपचूप दिला. पुढे पर्सेफोनी आईला सांगते, की त्याने बळजबरीने खायला लावला. दोन सांगण्यांत फरक आहे, आणि विद्वानांनी त्यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. सासरची गोष्ट माहेरी सांगताना ती थोडी बदलते, हे सांगावयास विद्वान लागत नाहीत.

मायलेकींची भेट झाली. आई डोंगरउतारावरून वेड्यासारखी धावली, लेकीने रथातून उडी टाकून तिच्या गळ्याला मिठी मारली. आणि त्या मिठीतच आईच्या मनात पाल चुकचुकली. तिचा पहिला प्रश्न होता, "बाळ, तिकडे काही खाल्लेस का?" आपल्याकडे माहेरी आलेल्या लेकीला हाच प्रश्न पहिला विचारतात, पण 'हो' ऐकण्याच्या आशेने. डीमीटरला 'नाही' ऐकावयाचे होते.

लेकीने खरे ते सांगितले. मग झ्यूसने तडजोड काढली आणि ती पोहोचविण्यासाठी कोणाला पाठवावे? स्वतःच्या आणि डीमीटरच्या आईला, ऱ्हीआला. सगळे देव हात हलवीत परत आले होते तेथे आजी गेली आणि काम झाले. वर्षाचा तिसरा हिस्सा पर्सेफोनी पाताळात राहील, दोन हिस्से आईजवळ. रोमन कवी ओव्हिड याने पुढे ही वाटणी सहा-सहा महिन्यांची केली. मूळ स्तोत्रात मात्र आईचा वाटा दुप्पट आहे. फुलांच्या ऋतूत ती वर येते आणि एल्यूसिसचे उजाड शेत हिरवे होते. लेक पुरती परत मिळाली नाही. पण एकदा दिलेली मुलगी कायमची गेली, हा बापाने केलेला व्यवहार आईने मोडला, आणि तो मोडण्यासाठी तिच्यापाशी होते ते हत्यार एकच, रोजचे काम न करणे.

या एल्यूसिस गावी पुढे सुमारे हजार वर्षे तिचा गुप्त दीक्षाविधी चालला. भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास अथेन्सहून वीसएक किलोमीटरची मिरवणूक निघे. स्त्रिया, गुलाम, परगावचे लोक, सर्वांना प्रवेश होता. हात रक्ताने माखलेले नसावेत आणि ग्रीक भाषा समजावी, एवढ्याच अटी. रात्री शेकडो माणसे एका विशाल मंडपात शिरत. तेथे काय दाखवीत हे बाहेर सांगणाऱ्यास देहान्ताची शिक्षा होती, आणि आश्चर्य असे की इतक्या शतकांत इतक्या लोकांनी ते गुपित राखले. रोमचा वक्ता सिसेरो दीक्षित होता. अथेन्सने जगाला याहून मोठे काही दिले नाही, येथे आनंदाने जगणे आणि चांगल्या आशेने मरणे शिकलो, अशा आशयाचे त्याने लिहिले आहे. पुढे तिसऱ्या शतकातील एका ख्रिस्ती लेखकाने उपहासाने नोंदविले, की त्यांचे महान रहस्य म्हणजे निःशब्दपणे दाखविलेले एक कापलेले कणीस. त्याला ते हास्यास्पद वाटले. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या माणसाला तसे वाटणार नाही.

आणि येथे आम्हा बडोदेकरांनी कान टवकारावेत अशी एक नोंद आहे. इसवी सनापूर्वी २० च्या सुमारास हिंदुस्थानातून एक शिष्टमंडळ रोमन सम्राट ऑगस्टस याच्याकडे गेले. त्यात एक विरक्त पुरुष होता. भूगोलकार स्ट्रॅबो त्याचे नाव झर्मानोखेगास असे देतो. हे 'श्रमणाचार्य' असावे, असे काहींचे मत आहे. इतिहासकार डिओ कॅसियस सांगतो, की त्या वेळी ऑगस्टससाठी एल्यूसिसचा विधी अवेळी करण्यात आला, तेव्हा या हिंदी माणसानेही दीक्षा घेतली. आणि त्यानंतर त्याने अथेन्समध्ये जळत्या चितेत स्वतःहून प्रवेश केला. तेथे त्याची समाधी बांधली गेली. तिच्यावर त्याचे गाव कोरले होते, बर्गोसा. बर्गोसा म्हणजे ग्रीकांचे बारिगाझा, अर्थात आमच्या शेजारचे भरूच! येथून रेल्वेने तास-दीड तासाच्या वाटेवरचा, नर्मदाकाठचा कोणी एक मनुष्य डीमीटरच्या मंडपात उभा राहून ते कणीस पाहून आला असेल. ग्रीक समजण्याची अट त्याने कशी पुरी केली असेल, अशी शंका कोणी काढील. परंतु भरूच हे ग्रीक व्यापाऱ्यांच्या नित्याच्या येण्याजाण्याचे बंदर होते, आणि शिष्टमंडळाने नेलेले पत्रही ग्रीक भाषेतच होते. भरूचच्या फलाटावर शेंगदाणे घेताना आता आम्हांस दर वेळी तो गृहस्थ आठवतो.

इ. स. ३९२ मध्ये सम्राट थिओडोसियसने जुन्या देवांची पूजा बंद केली. तीन-चार वर्षांतच गॉथ टोळ्यांनी एल्यूसिस उद्ध्वस्त केले. ग्रंथांतून डीमीटरचा कारभार येथे संपतो. गावात तो संपला नव्हता.

मंदिराच्या अवशेषांत एका भव्य स्त्रीमूर्तीचा वरचा भाग राहिला होता. डोक्यावर टोपली, टोपलीवर कणसे कोरलेली, चेहरा झिजून गेलेला. गावकरी आता ख्रिस्ती होते. रविवारी चर्चमध्ये जात. पण ही मूर्ती त्यांच्या खळ्याच्या मधोमध होती आणि तिच्याभोवती ते गळ्यापर्यंत शेणखत रचीत. शेते पिकतात ती हिच्यामुळे, ही त्यांची श्रद्धा. हिला जो बळाने हात लावील त्याचा हात गळून पडेल, अशीही समजूत होती. शेंदूर लावलेला गावकुसाबाहेरचा दगड ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

१८०१ मध्ये केंब्रिजचा एडवर्ड क्लार्क तेथे आला. ग्रीस तेव्हा तुर्कांच्या ताब्यात होते. अथेन्सच्या तुर्की अंमलदाराला एक इंग्रजी दुर्बीण नजर करून त्याने मूर्ती हलविण्याचा परवाना मिळविला. धान्याची आई एका दुर्बिणीला गेली! हलविण्याच्या आदल्या सायंकाळी एक बैल जू सोडवून आला, मूर्तीला शिंगांनी ढुशा देऊ लागला आणि मग हंबरडा फोडीत मैदानात पळून गेला. हे पाहून गावकरी हादरले. कोणी पुढे होईना. शेवटी गावच्या पाद्रीने धर्मवस्त्रे घालून कुदळीचा पहिला घाव घातला तेव्हा लोक कामाला लागले. दोन टनांहून जड मूर्ती समुद्राकडे नेली गेली. हे जहाज बुडणार, असे गावकरी म्हणाले. आणि खरोखरच मूर्ती घेऊन जाणारे 'प्रिन्सेसा' हे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बीची हेडपाशी फुटले. मूर्ती मात्र पाण्यातून काढण्यात आली. १८०३ मध्ये ती केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या दाराशी बसविली गेली आणि १८६५ पासून तेथीलच फिट्झविल्यम संग्रहालयात आहे.

एडवर्ड डॉडवेल या दुसऱ्या इंग्रज प्रवाशाने मूर्ती जागेवर असताना पाहिली होती. नंतरच्या फेरीत तो गेला तेव्हा गावकऱ्यांनी त्याला सांगितले, की ती गेली आणि पिकांची बरकतही गेली.

पुढे संशोधकांनी सिद्ध केले, की ती मूर्ती डीमीटरची नाहीच. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात एका रोमन सरदाराने मंदिराला जे महाद्वार बांधून दिले, त्याच्या खांबाच्या जागी उभी केलेली ती सेविका आहे. तिची जोडीदारीण एल्यूसिसच्याच संग्रहालयात आहे. म्हणजे इतकी शतके खत घातले ते दारावरच्या दासीला! हे आम्ही घरी सांगितले तेव्हा सौ. म्हणाल्या, "अहो, त्यांनी तर आईलाच घातलं ना?" त्यावर आम्हांस काही बोलता आले नाही.

१८६०च्या सुमारास लनॉर्मां नावाच्या फ्रेंच विद्वानाने तेथील एका वृद्ध पाद्रीकडून ऐकलेली कथा छापली. संत डिमेत्रा नावाची एक प्रेमळ म्हातारी होती. तिच्या सुंदर मुलीला एका तुर्की सरदाराने काळ्या घोड्यावरून पळवून नेले. म्हातारी सूर्याला, चंद्राला, ताऱ्यांना विचारीत हिंडली आणि एल्यूसिसला तिला आसरा मिळाला. हेडीजचा तुर्क झाला, देवीची संत झाली. लेक मात्र तशीच हरवलेली राहिली. हा विद्वान आपल्या पदरचे मीठ-मसाला घालणारा होता असा आक्षेप आहे, तेव्हा या कथेवर आम्ही फार भार टाकीत नाही.

आज एल्यूसिसच्या किनाऱ्यावर तेलशुद्धीकरणाचे कारखाने आहेत, जहाजांच्या गोद्या आहेत. पिकांचे गाव म्हणून ते कोणी ओळखणार नाही. २०२३ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी हा मान त्या गावाला मिळाला, तेव्हा थोडे नाव झाले. परंतु जुन्या दीक्षामंडपाच्या अवशेषांवर, टेकडीच्या अंगाला, मेरीमातेचे एक लहान देऊळ आहे. तेथील मेरीमातेला म्हणतात 'मेसोस्पोरिटिसा', म्हणजे अर्धी पेरणी झाली असतानाची माता. दर वर्षी २० नोव्हेंबरच्या सायंकाळी गावातल्या बायका तेथे भाकरी आणतात आणि मोठमोठ्या भांड्यांतून शिजविलेले गहू व कडधान्ये आणतात. प्रार्थना होते, सगळ्यांना ते वाटले जाते. गव्हांत बेदाणे असतात आणि वरून डाळिंबाचे दाणे पेरलेले असतात.

हे वाचून दाखविले तेव्हा सौ. गौरीचे मुखवटे जुन्या रेशमी साडीत गुंडाळून डब्यात ठेवीत होत्या. हातातले काम थांबवून त्या म्हणाल्या, "गव्हाचं समजलं. पण डाळिंब? त्या दाण्यापायी लेक गेली, आणि तोच अजून घालतात?"